पिल्लाच्या वेळा

पन्नास सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती, तेव्हाची ही गोष्ट. लग्न होऊन मी दापोडीला आले होते. आमचं बिऱ्हाड तीन माणसांचं: हे, मी आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. हे बसगाड्या दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपात फिटर होते. मामंजींची सगळी उमर साताऱ्याकडच्या एका खेड्यात पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवण्यात गेली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे शाळेतून निवृत्त झाल्यावर मामंजी गावचं घर भावाच्या हाती सोपवून मुलाकडे राहायला आले.

दापोडीतल्याच एका जुन्या शेतकरी कुटुंबानं आपल्या मळ्याच्या कडेला चार बिऱ्हाडांची बैठी चाळ बांधली होती. त्यातल्या एका टोकाच्या दोन खोल्या आमच्या. पुढे ओटा, मागे एक दार. मागच्या दारातून बाहेर पडलं की मोकळी जागा, तिच्यात एक बाभळ, आणि पलीकडे रेल्वेचं कुंपण. चौघांत मिळून एक नळ, आणि संडास चाळीच्या पार दुसऱ्या टोकाला. मालकीणबाई मळ्यापलीकडे त्यांच्या घरात राहायच्या.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मामंजींना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. पुण्याच्या दवाखान्यात महिनाभर काढून ते घरी आले. वाचा शाबूत होती, डोकं तर पहिल्यासारखंच तल्लख. काठी घेऊन रोज चाला, जितकं चालाल तितका पाय सुटेल, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण मामंजी चालेनात. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट होती, तिच्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी काही विचारलं तर हो किंवा नको, एवढंच.

खरी अडचण वेगळी होती, आणि ती घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं. संडास चाळीच्या त्या टोकाला. तिथवर जायचं म्हणजे शेजारच्या तिन्ही दारांवरून, बायका निवडायला-टिपायला बसलेल्या असताना, पाय ओढत जायचं. दवाखान्यातून आणलेलं भांडं खाटेखाली होतं, पण ते सुनेनं उचलायचं ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. म्हणून हे पाळीवरून घरी येईपर्यंत मामंजी कळ काढायचे. कधी निभायचं, कधी निभायचं नाही. मग ओलं धोतर ते कसंबसं सोडायचे, दुसरं गुंडाळायचे आणि ओलं खाटेखाली ट्रंकेच्या मागे ढकलून द्यायचे. केर काढताना मला ते सापडायचं. मी काही न बोलता धुऊन टाकायची. त्यांना कळायचं की मला कळलंय.

मग त्यांनी पाणी पिणं कमी केलं. सकाळचा चहा नको, दुपारचा नको. "पित्त होतं," म्हणायचे. वीस वर्षांची होते मी, पण पित्ताचं कारण खोटं आहे एवढं मला समजत होतं. काय करावं ते मात्र समजत नव्हतं. यांना पाण्याचं तेवढं सांगितलं, ओल्या धोतरांचं नाही. तर हे म्हणाले, मी बोलतो बाबांशी, आणि बोलले नाहीत. बापाशी असलं काय बोलणार, हेही खरंच.

दिवाळी होऊन गेली होती आणि थंडी पडायला लागली होती. एका संध्याकाळी हे आले ते डब्याची पिशवी छातीशी धरून. पिशवीतून डबा निघाला नाही, मूठभर तपकिरी पिल्लू निघालं. वर्कशॉपाच्या आवारात मोडीत काढलेल्या बसचा सांगाडा पडून होता, त्याच्याखाली कुत्री व्याली होती. ती मुंबई रस्त्यावर गाडीखाली गेली. चार पिल्लं कामगारांनी उचलली, हे एक राहिलं होतं, ते यांनी आणलं. डबा म्हणे हातात धरून आणता आला असता, पण घाईत तिथेच विसरले.

मी फार चिडले. तोंडानं एवढंच म्हणाले, की मला विचारायचं तरी होतं. पण मनात आलं ते आज लिहिते, कारण लपवून आता काय करायचं: आधीच एकाचं करते आहे, त्यात हे दुसरं कशाला? ते मनात आलं आणि तेवढ्यात माझी नजर खाटेकडे गेली. मामंजी कूस बदलून पिल्लाकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं की काय, या विचारानं मी चुलीकडे निघून गेले.

पहिले आठ दिवस कसे गेले ते विचारू नये. पिल्लानं यांच्या बुटात केलं, ज्वारीच्या पोत्याला लागून केलं, घडी घालून ठेवलेल्या माझ्या लुगड्यावर केलं. मी फडकं घेऊन पुसते आहे तोवर दुसऱ्या कोपऱ्यात. बाहेर नेऊन ठेवलं तर थंडीनं कुडकुडत उंबऱ्याशी येऊन रडायचं, आणि आत घेतलं रे घेतलं की आत करायचं. शेजारणीनं उपाय सांगितला की जिथे केलं तिथे त्याचं नाक घासा, दोन चापट्या द्या, चार दिवसांत सुधारेल. मला ते जमेना, म्हणून रविवारी यांनी ते काम अंगावर घेतलं. पिल्लाला मानगुटीला धरून ओल्या फरशीवर नाक दाबलं. पिल्लू किंचाळलं.

"सोड त्याला," मामंजी खाटेवरून म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण शाळेतला होता. यांचा हात लगेच सुटला. कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून काढलेला तो पहिला शब्द.

"बाबा, शिकायला नको का त्यानं?"

"असं शिकत नाही कोणी. करू नये ते केलं, हे त्याला नाही कळणार. तू आलास की पळायचं, एवढंच कळेल. उद्यापासून कोणी बघत नाही असं बघून खाटेखाली जाऊन करील."

बोलता बोलता ते एकदम थांबले. मी मान खाली घालून फरशी पुसत राहिले. हे बाहेर जाऊन हात धुऊ लागले. खाटेखालच्या ट्रंकेमागे काय असतं ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

थोड्या वेळानं मामंजी म्हणाले, "सूनबाई, माझं घड्याळ दे बघू. आणि खडू असेल तर खडू."

घड्याळ ट्रंकेतच होतं, चावी न दिल्यानं बंद पडलेलं. मी चावी देऊन स्टेशनच्या गाडीच्या वेळेवर लावून दिलं. खडूचा तुकडा त्यांच्याच जुन्या कोटाच्या खिशात सापडला. दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही, नुसतं पिल्लू पाहिलं. भिंतीकडे पडलेलं तोंड आता खोलीकडे झालं. खाटेजवळच्या भिंतीवर त्यांनी बारीक अक्षरांत लिहायला सुरुवात केली. दूध प्यालं किती वाजता, केलं किती वाजता. झोपलं कधी, उठलं कधी. तिसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी तो धडा समजावून सांगितला.

ते म्हणाले, याच्या वेळा ठरलेल्या आहेत, फक्त आपल्याला माहीत नव्हत्या. झोपेतून उठलं की लगेच. दूध प्यालं की दहा-पंधरा मिनिटांत. खूप खेळून दमलं की मध्येच थांबून. आणि त्याआधी ते सांगतं. जमीन हुंगतं, मग एकाच जागी गोल गोल फिरतं. तेवढ्यात उचललं तर आपण जिंकलो. उशीर झाला तर चूक आपली, त्याची नाही. बाहेर रोज एकाच जागी न्यायचं, बाभळीखाली. फरशी पुसलेलं एक फडकं तिथे टाकून ठेवायचं, म्हणजे वासानं जागा ओळखील.

"आणि केलं की तिथल्या तिथे शाबासकी द्यायची," ते म्हणाले. "घरात येऊन दिलीस तर घरात आल्याबद्दल मिळाली असं समजेल. पोरांचंही तसंच असतं. उत्तर आल्याबरोबर शाबास म्हणावं लागतं, घंटा झाल्यावर म्हणून उपयोग नाही."

त्यानंतर आमच्या घरात नवा उद्योग सुरू झाला. मी भाकरी थापत असायची, बाहेरून हाक यायची, "सूनबाई, फिरतंय." पिठाच्या हातांनी मी धावायची, पिल्लू काखेत मारायची आणि मागच्या दारानं बाभळीखाली. थंडीत पदर सावरत उभी राहून वाट बघायची. केलं की म्हणायची, "शाबास रे शाबास." कुंपणापलीकडून रुळांवर काम करणारे गँगमन माझ्याकडे बघून हसायचे. पहिल्या दिवशी लाज वाटली. नंतर वाटेनाशी झाली.

असे बारा-पंधरा दिवस गेले असतील. नळाला सकाळी ठरावीक वेळीच पाणी यायचं. त्या दिवशी नळावर गर्दी होती, माझा नंबर लागायला वेळ लागला. हे पहिल्या पाळीला गेलेले. दोन कळशा भरून घरात आले तर खाट रिकामी. काठी जागेवर नव्हती. पिल्लूही नव्हतं. मागचं दार सताड उघडं. कुठे पडले असतील या धास्तीनं मी धावत मागे गेले.

मामंजी बाभळीखाली उभे होते. उजव्या हातात काठी, आणि उजवाच खांदा बुंध्याला टेकवलेला. धोतराचा सोगा धुळीत लोळत होता. पिल्लू त्यांच्या पायाशी बसून आपलं काम करत होतं. त्यांचा श्वास फुलला होता, पण त्यांनी आधी पिल्लाकडे बघून शाबास म्हटलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"फिरायला लागलं होतं," ते म्हणाले. "तू नव्हतीस."

मला रडू फुटेल असं वाटलं. पण आपण रडलो तर हे पुन्हा खाटेवर जाऊन बसतील, असंही कुठून तरी वाटलं. म्हणून मी म्हणाले, बरं झालं मामंजी, नाहीतर मला पुन्हा पुसावं लागलं असतं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू आत जा, पिल्लाला ने. मी येतो."

मी पिल्लाला घेऊन आत आले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. ते घराकडे वळले नाहीत. चाळीच्या मागच्या भिंतीला खांदा टेकवत टेकवत, एकेक पाऊल टाकत, ते दुसऱ्या टोकाकडे निघाले. पुढून जायचं म्हणजे सगळ्या दारांवरून. मागून गेलं तर कोणी बघत नव्हतं. हे मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं, आणि त्यांनाही त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. परत यायला त्यांना अर्धा तास लागला असेल. तोवर मी हातातल्या हातात तोच तांब्या तीनदा घासला. ते आत येऊन खाटेवर बसले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "चहा करतेस का अर्धा कप?"

तेव्हापासून पिल्लाला न्यायचं काम मामंजींनी आपल्याकडे घेतलं. दिवसातून आठ-दहा वेळा. आधी मी दार उघडून द्यायची, मग तेही नको म्हणाले. निघायचं झालं की काठी दोनदा फरशीवर आपटायचे, पिल्लू जिथे असेल तिथून धावत यायचं. त्याला आम्ही नाव असं ठेवलंच नाही, त्या काठीच्या आवाजालाच ते ओ द्यायचं. पिल्लाच्या फेरीतच मामंजींची फेरी व्हायची. एक दिवस दोरीवर कपडे वाळत घालताना माझ्या लक्षात आलं की आठवडाभरात मला ट्रंकेमागे काही सापडलेलं नाही. त्या दिवशी मी मामंजींच्या चहात थोडं जास्त दूध घातलं. मला सुचलं ते एवढंच.

सगळं सुरळीत झालं म्हणेपर्यंत संक्रांत जवळ आली. मालकीणबाईंनी तीळ धुऊन त्यांच्या अंगणात धोतराच्या पटकुरावर वाळत घातले होते. पिल्लू आता मोठं झालं होतं, पाय फुटले होते. मागचं दार उघडं दिसल्यावर ते मळ्यातून धावत थेट त्यांच्या अंगणात गेलं. ऊन लागलेला तो मऊ ढीग त्याला काय वाटला कोण जाणे, त्यानं नेमकं तिळांवरच केलं.

मालकीणबाई त्याला मानगुटीला धरून आमच्या ओट्यावर आल्या. उंच, सडपातळ, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. त्यांचा राग मी पहिल्यांदाच बघत होते.

"पोरी, आमी खोल्या माणसांना दिल्या, कुत्री पाळाया न्हाई दिल्या," त्या म्हणाल्या. "सणाचं तीळ नासलं माजं. उद्याच्याला ह्ये हितं दिसता कामा न्हाई."

मी माफी मागितली. आमच्या घरातले तीळ देते म्हणाले, पण त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. पिल्लाला ओट्यावर टाकून निघून गेल्या. मामंजी आतून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता हे पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. त्यांनी मात्र कोट मागितला. झटका आल्यापासून तो कोट त्यांच्या अंगावर चढला नव्हता. लुळा हात बाहीत घालायला मी मदत केली. टोपी त्यांनी स्वतः घातली.

"मी येऊ का बरोबर?" मी विचारलं.

"शिकवत मी होतो," ते म्हणाले. "चुकलं तर बोलायला मीच गेलं पाहिजे."

मळ्यातली ती पायवाट सरळ चालणाऱ्याला पाच मिनिटांची. मेथीच्या वाफ्यांमधून, बांधाच्या कडेनं, पाटाचं पाणी ओलांडून जायचं. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. दोनदा थांबले. पाटाशी बराच वेळ उभे राहिले, मग आधी काठी पलीकडे रोवली आणि पाय उचलून टाकला. पुढे झाडांच्या आड गेले, मग मला दिसले नाहीत.

तिथे काय झालं ते मला पुढे मालकीणबाईंनीच सांगितलं. त्या सुपात तीळ पाखडत बसल्या होत्या. समोर बघतात तर मास्तर दारात, घामानं निथळलेले. झटक्यानंतर ते कित्येक महिने खाटेवरच पडून होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी धावत जाऊन बाजलं पुढे केलं. मामंजी बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, बाई, तुमच्या सणाचा जिन्नस आमच्यामुळे खराब झाला. पिल्लू अजून शिकतं आहे, त्याच्या वतीनं मी क्षमा मागायला आलो. ते घालवायचं असेल तर घालवू, पण मला महिनाभर द्या.

मालकीणबाई मला म्हणाल्या, "माज्या धन्याचंबी असंच अंग ग्येलं हुतं. तीन वर्सं पडून हुतं, उटलं न्हाई. तुजा सासरा पाट वलांडून आला, तवा मी काय तिळाचं घिऊन बसू व्हय?"

त्यांनी मामंजींना गूळपाणी दिलं आणि परतताना स्वतः चाळीपर्यंत सोडायला आल्या. दोघं इतकं हळू येत होते, की लांबून वाटावं एकाच जागी उभे आहेत. ओट्यावर आल्यावर मालकीणबाईंनी माझ्याकडे चुलीतली राख मागितली. त्या म्हणाल्या, घरात जिथे जिथे ओलं होतं तिथे नुसतं पाण्यानं पुसून भागत नाही, वास राहतो, आणि वास राहिला की पुन्हा तिथेच करतं. आधी राख टाक, ती भिजू दे, मग लोटून टाक आणि वरून शेणाचा हात फिरव. आमची फरशी शहाबादी होती, तेव्हा शेणाऐवजी चुन्याच्या पाण्यावर भागवलं. पण राखेचा उपाय अचूक निघाला. पिल्लू त्यानंतर घरात असं फार तर एक-दोनदा चुकलं.

त्या चालण्याचा मामंजींना मात्र त्रास झाला. दुसऱ्या दिवशी अंगात कणकण आली, पाय जड झाला, तीन दिवस त्यांना उठवेना. त्या तीन दिवसांत पिल्लाला मीच नेत होते. चौथ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होते, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं, पिल्लू फिरत असेल. बाहेर येऊन बघते तर पिल्लू शांत झोपलेलं होतं, आणि मामंजी खाटेच्या काठावर पाय खाली सोडून बसले होते. खाली फरशी ओली होती. धोतरही. काही लपवलेलं नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "आज माझ्याच्यानं धरवलं नाही. उठेपर्यंत उशीर झाला."

इतक्या महिन्यांत ही गोष्ट पहिल्यांदा शब्दांत आली होती. त्यांची नजर माझ्याकडेच होती, आणि ती तशी ठेवायला त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं. मग तोंडून जे निघालं ते निघालं.

"त्यात काय मामंजी, राख टाकू. आणि पुढच्या वेळी थोडं आधी उठू."

बोलले आणि माझी जीभ दातांखाली गेली. सासऱ्याला आपण कोणाच्या ओळीत बसवलं! मामंजींचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, पण ते हसत होते. अर्धं तोंड अजून नीट हलत नव्हतं, त्यामुळे ते हसू एका बाजूनं वर चढायचं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मलाही हसू आवरेना. पिल्लू जागं होऊन आमच्याकडे बघायला लागलं.

"शाबास म्हणायचं राहिलं तुझं," ते डोळे पुसत म्हणाले. "बोलावलं ना मी आपणहून?"

"शाबास मामंजी," मी म्हणाले.

मग मी त्यांना दुसरं धोतर दिलं, आत जाऊन उभी राहिले, आणि त्यांनी बदलल्यावर ओलं बादलीत टाकलं. राख आणून फरशीवर पसरली. त्या दिवसानंतर ते भांडं वापरायलाही त्यांची हरकत राहिली नाही. आजारपणात मी उचलायची, बरे असले की ते स्वतः बाहेर जायचे. एवढीशी गोष्ट, पण तिच्यापायी आम्ही तिघांनी किती महिने श्वास कोंडून काढले होते.

होळीपर्यंत पिल्लू पुरतं शहाणं झालं. बाहेर जायचं असलं की मागच्या दाराला नखांनी खरवडायचं. भिंतीवरचं खडूचं लिखाण पाडव्याला रंग देताना मी पुसलं. मामंजी तोवर स्टेशनपर्यंत चालत जाऊन येऊ लागले होते, कुत्रं पुढे आणि ते मागे. डावा पाय शेवटपर्यंत ओढतच राहिला. हात तर सुटलाच नाही. पण चहा दोन्ही वेळेला पूर्ण कप घ्यायचे, आणि मालकीणबाईंच्या घरी एकादशीला पोथी वाचायला जायचे.

यांना मी पुढे कित्येक वर्षांनी एकदा विचारलं होतं, की बाबा उठून चालावेत म्हणून तुम्ही पिल्लू आणलंत का? हे म्हणाले, छे, मला कुठलं एवढं सुचायला. चौघांना घरं मिळाली आणि हे एकटंच राहिलं, म्हणून आणलं. मला ते उत्तर आवडलं. ठरवून आणलं असतं तर मीही ठरवून नको म्हटलं असतं.

त्यानंतर मामंजी चार वर्षं होते. माझ्या थोरल्या मुलीला त्यांनी मांडीवर खेळवलं. तिला वेळच्या वेळी बाहेर बसायची सवय लागावी म्हणून मी घायकुतीला आले होते, तेव्हा त्यांनीच मला सबुरीनं घ्यायला सांगितलं. ती चुकली म्हणून मी तिला कधी मारलं नाही. पुढे माझी आई शेवटच्या आजारात माझ्याकडे राहिली, तेव्हाही मला काय करायचं ते माहीत होतं. काय बोलायचं नाही, हेही माहीत होतं. हे सगळं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मामंजी एका उन्हाळ्यात दुपारी झोपेत गेले, कोणाला काही करायला न लावता. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. त्या काळी सून सासऱ्याचे आभार मानत नसे. मानले असते तर त्यांनी, कशाबद्दल, असं विचारलं असतं, आणि ते मला सांगता आलं नसतं.

मामंजी गेले त्याच्या पुढच्याच वर्षी यांना पिंपरीला नव्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दापोडी सोडली. मालकीणबाईंनी निघताना माझ्या ओटीत खण-नारळ घातला आणि पदराला डोळे पुसले. कुत्रंही ट्रकमध्ये सामानावर बसून आमच्याबरोबर आलं. पिंपरीची वसाहत अजून अर्धवट बांधलेली होती, झाडाचं नाव नव्हतं. नव्या घरात त्या बिचाऱ्यानं पहिला पूर्ण दिवस काढला, पण आत काही केलं नाही. दारापाशी बसून माझ्याकडे बघत राहिलं. मी त्याला घेऊन बाहेर हिंडले, तेव्हा कुठे एका कुंपणाच्या खांबाशी थांबलं.

समोरच्या घरात एक सिंधी बाई राहत होत्या, फाळणीनंतर तिकडून आलेल्या. ओसरीतून त्या हे बघत होत्या. त्यांनी मला मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, की कुत्रा इतका चांगला कोणी शिकवला?

मी सांगितलं, "आमच्या मामंजींनी."

"कुत्रे पाळायचे का ते?"

"नाही," मी म्हणाले. "प्राथमिक शाळेत मास्तर होते." आणि त्यांनी चहाला बोलावलं म्हणून कुत्र्याला घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. तिथे बसून मी त्यांना मामंजींची सगळी गोष्ट सांगितली. घराबाहेरच्या माणसाला ती सांगण्याची माझी ती पहिलीच वेळ.